सासूबाईंच्या मानेचं आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, सुई तापवून नस जाळणं) : पहिल्या ब्लॉकचा निकाल धरायचा का, आणि नंतर काय काय त्रास होतो?

सुदामानगरची_सून

सासूबाई, वय ६३, इंदूर. उजव्या बाजूची मानदुखी ४ वर्षं. दुखणं दोन जागी आहे: एक मानेच्या बुडापासून खांद्याच्या वरच्या कडेवर, दुसरं कवटीखालून निघून कानामागे वर चढणारं. हातात मुंग्या नाहीत, पकड ठीक. एमआरआयमध्ये सी५-६ आणि सी६-७ (सी म्हणजे मानेचे मणके, वरून मोजलेले) च्या गाद्या थोड्या बाहेर आलेल्या, उजवीकडचे फॅसेट सांधे (मणक्यांना मागून जोडणारे छोटे सांधे) झिजलेले. गोळ्या, कॉलर, ४ महिने फिजिओ, सगळं झालं. आता डॉक्टरांनी उजवीकडच्या थर्ड ऑक्सिपिटल नसेचं, शिवाय सी५ आणि सी६ च्या मिडियल ब्रांचचं (फॅसेट सांध्यांकडे जाणाऱ्या बारीक नसांचं) आरएफ सुचवलंय.

गेल्या आठवड्यात ट्रायल ब्लॉक, म्हणजे नस तात्पुरती बधिर करून दुखणं थांबतं का बघायची चाचणी, झाला. आधी शिरेतून झोपेचं औषध, मग तिन्ही नसांवर बुपिव्हाकेन (बधिर करायचं औषध) एकाच वेळी. घरी आल्यावर त्या संध्याकाळपर्यंत झोपल्या. उठल्यावर म्हणाल्या, "बरं वाटतंय गं." फाइलवर लिहून आलंय: ब्लॉक पॉझिटिव्ह, ८० टक्के आराम. येत्या गुरुवारी आरएफची तारीख दिलीय.

हृदयात स्टेंट घातल्याला १४ महिने झाले, रक्त पातळ करायला क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू. साखरेसाठी मेटफॉर्मिन. पेसमेकर नाही. डावा गुडघा बदललेला आहे.

दुसरा ब्लॉक खरंच लागतो का, की पैसे काढायचं काम? रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं काय करायचं? डावी बाजूही अधूनमधून दुखते, तर घरचे म्हणतात एकदाच दोन्ही उरकून टाका. आणि आत्याबाईंनी डोक्यात भरवलंय की नस जाळली की हात लुळा पडतो.

सुई_आणि_सावली

फाइलवरचे ते ८० टक्के कुठून आले, हे आधी विचारा. ब्लॉक ही परीक्षा असते, आणि तुमच्याकडे पेपर लिहायच्या वेळी विद्यार्थीच झोपला होता. शिरेतून औषध दिलं की दुखणं तसंही बोथट होतं, आणि आडवं पडलं की डोक्याचा भार मानेवरून उतरतो. संध्याकाळी जे बरं वाटलं ते नस बधिर झाल्यामुळे की झोपेमुळे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दुसरा ब्लॉक घ्याच, आणि तो नीट घ्या.

एकाच ब्लॉकवर विसंबलं तर काय होतं, हे १९९३ सालीच मोजलं गेलंय: मानेच्या फॅसेट सांध्यांत अशा निकालांपैकी २७ टक्के खोटे निघाले. म्हणजे चारातल्या एकाची निर्दोष नस जळली असती आणि दुखणं जागच्या जागी राहिलं असतं. आरएफने गुण आला नाही अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं घोडं इथेच पेंड खातं.

आता कुठली नस कुठल्या सांध्याची. प्रत्येक फॅसेट सांध्याला दोन मिडियल ब्रांच जातात, सी५-६ ला सी५ आणि सी६ ची. सी२-३ चा सांधा वेगळा, त्याचं काम मुख्यतः थर्ड ऑक्सिपिटल पाहते. कवटीखालून वर चढणारं दुखणं सी२-३ चं असू शकतं, खांद्याच्या कडेवरचं सी५-६ चं. सी६-७ असता तर दुखणं बहुधा खाली फऱ्यापर्यंत उतरलं असतं. तेव्हा एमआरआयमध्ये सी६-७ लिहिलेलं असूनही डॉक्टरांनी तो घेतला नाही, हे बरोबरच केलं. ६३ व्या वर्षी मानेच्या चित्रात झीज कुणाच्या नसते? कुठला सांधा दुखतोय हे चित्र सांगत नाही.

तुमच्याकडे दोन सांध्यांचा संशय आहे, म्हणून दोन वेगळ्या दिवशी दोन वेगळे ब्लॉक मागा: एका दिवशी फक्त थर्ड ऑक्सिपिटल, दुसऱ्या दिवशी सी५-सी६. मागच्या वेळी बुपिव्हाकेन होतं, या वेळी २ टक्के लिग्नोकेन. दोन औषधांचा असर वेगवेगळा वेळ टिकतो, लिग्नोकेनचा कमी, बुपिव्हाकेनचा बराच जास्त. आराम त्या त्या हिशेबाने टिकला तर निकालावर भरवसा ठेवता येतो. एका नसेवर ०.३ मिली पुरतं, ०.५ च्या वर जाऊ नये. जास्त ढकललं तर औषध शेजारच्या नसेवर, कधी हाताच्या नसेच्या मुळापर्यंत पसरतं आणि परीक्षेचा अर्थच जातो. झोपेचं औषध नको, कातडी बधिर करायचं तेवढं चालेल.

त्या दिवशीचा कागद असा करा. डावीकडे वेळ: सुईच्या आधी, मग १५ मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, आणि पुढे दर तासाला ६ तासांपर्यंत. शेजारी दोन रकाने, "खांदा" आणि "डोकं", दोन्हींत ० ते १० आकडा. बरं, थोडं, ठीक असले शब्द लिहायचे नाहीत. आणि सासूबाईंना पलंगावर बसवून ठेवू नका. ज्याने दुखतं तेच करायला लावा. दोरीवर कपडे वाळत घालणं, पोह्यांसाठी मान खाली घालून कांदा चिरणं, मागून कुणी हाक मारली तर वळून बघणं. सुईआधी ७ असेल आणि या सगळ्या कामांत दीडच्या आत राहिलं, तर ते खरे ८० टक्के. काही ठिकाणी ५० टक्क्यांवरही आरएफ करतात, पण नस जाळायची तर मी ८० चाच आग्रह धरीन.

आरएफच्या दिवशी पालथं झोपवतात, छातीखाली उशी, मान किंचित पुढे. सी-आर्मवर (चालत्या एक्स-रेवर) बघत सुई मणक्याच्या बाजूच्या खांबाच्या कमरेशी नेतात, कारण मिडियल ब्रांच तिथे हाडाला चिकटून वळते. खरी कसरत कोनाची. सुईचं उघडं टोक ५ किंवा १० मिमी असतं आणि उष्णता त्याच्या बाजूंना पसरते, टोकाच्या पुढे फारशी नाही. शेंगदाण्यात दाभण घातलं तर जसं दिसेल तसा तो भाजलेला भाग असतो. म्हणून सुई नसेच्या शेजारी, तिला समांतर निजली पाहिजे. काटकोनात खुपसली तर नसेचा जेमतेम एक बिंदू भाजतो आणि दोन-तीन महिन्यांत दुखणं परत.

मग तपासणी. २ हर्ट्झवर करंट हळूहळू वाढवतात. मानेतला खोल स्नायू फडफडला तर ठीक. हात किंवा खांदा उडाला तर सुई मुळाच्या जवळ गेलीय, मागे घ्यायची. ५० हर्ट्झवर नेहमीच्या जागी झिणझिण्या येतात का, हेही काही जण बघतात. त्यानंतर नस बधिर करून ८० अंश सेल्सिअस, ९० सेकंद. नस सरळ रेषेत जातेच असं नाही, त्यामुळे सुई जरा सरकवून प्रत्येक नसेवर दोन-तीनदा. थर्ड ऑक्सिपिटल तर फारच लहरी, तिला वर, मध्ये, खाली असं तीन उंचींवर गाठावं लागतं. तेव्हा तीन नसांचं काम १५ मिनिटांत होईल असं कुणी म्हणालं, तर प्रत्येक नसेवर किती लीजन (भाजलेल्या जागा) करणार, एवढंच शांतपणे विचारा.

आत्याबाईंना सांगा: जी जाळतात ती सांध्याकडे आणि मानेमागच्या खोल स्नायूंकडे जाणारी बारीक फांदी. हाताची नस वेगळी, पुढच्या बाजूने निघते. वरची तपासणी त्याचसाठी असते, आणि म्हणूनच पेशंट पूर्ण बेशुद्ध नको. सुई चुकीच्या जागी असेल तर "हातात गेलं" म्हणायला जागा हवी.

दोन्ही बाजू एका दिवशी नकोच. त्या खोल स्नायूंवर डोकं तोललेलं असतं. दोन्हीकडच्या बऱ्याच नसा एकदम जाळल्यावर मान पुढे लोंबल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. दुर्मीळ आहेत, पण ओढवून कशाला घ्यायचं. शिवाय डावीकडे अजून एकही ब्लॉक झालेला नाही.

क्लोपिडोग्रेलबद्दल डॉक्टरांतच दोन मतं आहेत. काही जण मानेच्या या सुईसाठी बंद करायला सांगतात, साधारण ७ दिवस आधी. काही चालू ठेवूनच करतात. पण स्टेंट आहे, तेव्हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा, आणि तो त्यांच्या अक्षरात कागदावर हवा. मानेतला रक्तस्राव बहुधा दाबून थांबवता येतो, स्टेंटमध्ये धरलेली गुठळी नाही. घरच्या घरी गोळी बंद करायची नाही. गुरुवारची तारीख पुढे गेली तर जाऊ द्या, ही तातडीची गोष्ट नाही.

पलासियाचा_पाहुणा

नस जाळायची भीती वाटत असेल तर पल्स्ड आरएफ मागा की. त्यात ४२ अंशांच्या वर जात नाहीत, बधिरपणा नाही, काही नाही. काम तेच.

सुई_आणि_सावली

काम तेच नाही. पल्स्डमध्ये करंटचे छोटे झटके देतात, सेकंदाला दोन, मधल्या वेळात ऊती थंड होते, त्यामुळे नस शाबूत राहते. नसेच्या मुळाच्या गाठीवर, म्हणजे जिथे जाळणं धोक्याचं, तिथे ते वापरतात. फॅसेटसाठी नस तुटणं हाच उपचार आहे. तिथे पल्स्डचा गुण कमी आणि थोडे दिवस. बधिरपणा नको म्हणून उपचारही नको, असं व्हायचं.

बधिरपणाचा बाऊही करू नका. या उपचारावरचा नाव घेण्याजोगा अभ्यास १९९६ चा, ऑस्ट्रेलियातला, गाडीच्या अपघातानंतर मान दुखणाऱ्या २४ जणांवर. १२ जणांच्या नसा ८० अंशांवर तापवल्या, १२ जणांना सगळं तसंच करून सुई ३७ अंशांवर ठेवली. मूळ दुखण्याच्या निम्मं परत यायला पहिल्या गटात मध्यक (निम्म्या जणांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २६३ दिवस लागले, दुसऱ्यात ८. पहिल्या बारापैकी ५ जणांना बधिरपणा आला आणि त्यातल्या एकालाही तो त्रासदायक वाटला नाही. पण ते २४ जण निवडले कसे होते? खोट्या (औषध नसलेल्या) सुयांसकट ब्लॉक करून पारखून. तुमच्या गुरुवारच्या फाइलसारखे नव्हेत.

ओटी_टेबल

मशीनच्या बाजूने थोडं, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही आणि भाजतं ते इथे.

करंट सुईतून शिरतो आणि अंगावर चिकटवलेल्या ग्राउंड पॅडमधून बाहेर पडतो. पॅड पूर्ण चिकटलं असेल तर उष्णता मोठ्या जागेवर वाटली जाते आणि काही कळतही नाही. कडा उचकटली, जेल सुकलं, खाली केस किंवा तेल असेल, तर सगळा करंट उरलेल्या चार बोटं जागेतून जातो आणि तिथे कातडी भाजते. म्हणून आदल्या रात्रीपासून मान, पाठ, मांड्या यांना तेल, बाम, पावडर काही नाही. सकाळी साबणाने अंघोळ, डोकं धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं.

तुमच्या केसमध्ये डावा गुडघा धातूचा, तेव्हा पॅड डाव्या मांडीवर नको. उजव्या मांडीच्या मांसल भागावर सांगा. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आत घेताना तोंडी सांगा, फाइलवर लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. मंगळसूत्र, कुड्या, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना सगळं घरी काढून ठेवायचं. अर्धे दागिने एक्स-रेच्या चित्रात मध्ये येतात, बाकीचे करंटच्या वाटेत. जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी साबण लावून काढा. ऐन वेळी सुजलेल्या बोटातून ओढताना फार रडारड होते.

सुई एकदा वापरून टाकायची असते, तिचं सीलबंद पाकीट समोर फोडायला सांगता येतं. आत जाणारा प्रोब मात्र निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, त्यात गैर काही नाही. प्रोब सुईत घातल्यावर मशीनवर ३६-३७ च्या आसपास तापमान दिसायला हवं. २६-२७ दिसलं तर तो खोलीचं तापमान दाखवतोय, म्हणजे प्रोब टोकापर्यंत पोचला नाही किंवा बिघडलाय. तसाच चालवला तर मशीन ८० गाठायला भलताच जोर लावतं. इम्पिडन्स (करंटच्या वाटेतला अडथळा) अचानक वर गेला तर पहिला संशय वायर आणि पॅडवर. बारीक अंगाच्या माणसात सुईवरचं आवरण कुठे खरचटलेलं असेल तर वर कातडीशीही भाजू शकतं.

पेसमेकर नाही म्हणालात ते छान. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याचं कार्ड सोबत न्या. हृदयाच्या डॉक्टरांकडून आधी सेटिंग बदलून घ्यावं लागतं.

सुदामानगरची_सून

फोन केला. गुरुवारी आरएफ नाही, फक्त थर्ड ऑक्सिपिटलचा ब्लॉक, लिग्नोकेनने, झोपेच्या औषधाशिवाय. सी५-सी६ पुढच्या आठवड्यात. हृदयाच्या डॉक्टरांची वेळ उद्याची. कागद आखून ठेवलाय. आता आरएफ झालंच तर नंतरचे दिवस कसे जातील तेही सांगा. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही.

मानमोडी_बंद

जिन्याचं लिहिलंत ते महत्त्वाचं, तिथूनच सुरू करते.

थर्ड ऑक्सिपिटल जाळल्यावर डोक्याच्या मागच्या भागात, कवटीखाली, एक बधिर चकती येतेच, हातभर नव्हे, तळहाताहून लहान. शिवाय काही दिवस, क्वचित काही आठवडे, चालताना तोल गेल्यासारखं वाटतं. ही कानाची चक्कर नाही. डोकं कुठे आहे हे मेंदूला कळवण्यात वरच्या मानेचा मोठा वाटा असतो, आणि ती बातमी एका बाजूने थांबलेली असते. डोळे मिटले किंवा अंधार झाला की जास्त जाणवतं. म्हणून जिना चढताना नजर एका पायरीवर, हात कठड्यावर, पुढे-मागे कुणीतरी. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालू. अंघोळीत डोळे मिटून डोक्यावर पाणी ओतायचं तर स्टुलावर बसूनच. घरी जाताना चारचाकी किंवा रिक्षा. स्कूटीच्या मागच्या सीटवर एकेका स्पीड ब्रेकरला मान हिंदकळते.

पहिल्या रात्री भूल उतरली की दुखणं आधीपेक्षा जास्त होऊ शकतं. यात बिघडलं काहीच नाही, पण आधी सांगितलेलं नसलं की घरात रडारड. सुई गेलेल्या जागेवर बर्फ, पातळ कपड्यातून, १० ते १५ मिनिटं. स्नायूंचा ठणका एक ते दोन आठवडे. पॅरासिटामॉल चालतं, बाकी दुखण्याच्या गोळ्या क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिनसोबत मनाने घ्यायच्या नाहीत, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

शेक नको. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, हेअर ड्रायर, काहीच नाही. कातडी बधिर आहे, भाजलेलं कळणार नाही, सकाळी फोड दिसेल.

पहिल्या आठवड्याच्या सुमारास काहींना नवीनच त्रास सुरू होतो: उन्हात भाजल्यासारखी आग, खाज, पदर लागला तरी चटका, फणी फिरवली की काटे. हा नसेचा दाह. साधारण काही आठवड्यांत ओसरतो. रात्री झोपू देत नसेल तर डॉक्टर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन देतात. या वयात ती कमी मात्रेपासून आणि रात्रीच सुरू करायची, कारण त्यांनीही तोल जातो आणि तुमच्याकडे जिना आहे. दाह होऊ नये म्हणून आरएफच्या वेळीच थोडं स्टेरॉइड सोडतात काही ठिकाणी. सोडलं असेल तर पुढचे काही दिवस साखर वर जाते, घरच्या मशीनवर सकाळ-संध्याकाळ बघा आणि घाबरून मेटफॉर्मिन वाढवू नका.

पहिल्या पंधरवड्यात "काही उपयोग झाला नाही" असा निकाल द्यायचा नाही. आरामाचा हिशेब ६ आठवड्यांनी, त्याच ० ते १० च्या कागदावर. आराम आला की मान फिरवायला सुरुवात. हनुवटी आत ओढायचा व्यायाम: पाठीवर झोपून, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, हनुवटी हलकेच गळ्याकडे, ५ ते १० सेकंद धरायचं, १० वेळा. गळ्याच्या पुढचे मोठे दोर ताठ झाले तर जोर जास्त लागतोय. ४ वर्षं दुखलेल्या मानेचे खोल स्नायू सुस्तावलेले असतात, आणि नस काही महिन्यांनी परत उगवते, बहुतेकांत सहा महिने ते वर्षाच्या आसपास. मधला काळ खाटेवर घालवायचा नसतो. दुखणं परतलं तर तेच आरएफ पुन्हा करता येतं, पहिल्याने चांगला आराम दिला असेल तर. आणि सलूनमध्ये किंवा कुणा जाणकाराकडून मान कडाडकन मोडून घेणं कायमचं बंद.

फोनची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी कधी: हात किंवा पाय नव्याने कमजोर पडला, ब्लाउजची हुकं लावताना बोटं अडखळू लागली, लघवीवरचा ताबा गेला, मानेत सूज वाढत चाललीय, गिळायला-श्वासाला त्रास, किंवा १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, सोबत मान ताठ. पहिले काही तास हात जड वाटणं वेगळं, ते भुलीचं औषध पसरल्यामुळे असतं आणि त्याच दिवशी उतरतं. उतरलं नाही तर वरच्या यादीत धरा. संध्याकाळ झाली की हनुवटी छातीकडे झुकू लागली, डोकं हाताने धरावं लागलं, तर तेही त्याच आठवड्यात दाखवायचं.

सुदामानगरची_सून

एकच राहिलं. सासूबाई दर महिन्याला केसांना मेंदी लावतात. आणि गुरुवारच्या ब्लॉकला उपाशी राहायचं का?

मानमोडी_बंद

मेंदी आरएफच्या आधी लावून घ्या, निदान दोन दिवस आधी, म्हणजे मानेवरची मेंदी आणि तेल धुऊन निघेल. नंतर सुईच्या जागा पूर्ण बुजेपर्यंत नाही. पुढे लावली तरी धुवायचं पाणी दुसऱ्या कुणी हाताने बघून द्यायचं. मागच्या बाजूला त्यांना गरम कळणार नाही.

सुई_आणि_सावली

झोपेचं औषध नसेल तर ब्लॉकला सहसा उपाशी ठेवत नाहीत. उलट साखरेचा पेशंट उपाशीपोटी टेबलावर घेरी येऊन पडतो. तरी सेंटरला विचारून हलका नाश्ता द्या. आरएफच्या दिवशी गुंगी देणार असतील तर ६ तास अन्न नाही, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, आणि सकाळची मेटफॉर्मिन घ्यायची की नाही ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. ब्लॉकच्या दिवशी सकाळची पेनकिलर मात्र देऊ नका. सुईआधीचा आकडा ७ असावा लागतो. गोळीने तो ३ वर आला तर कागदावर मोजायला उरलंच काय?